नकाशासकट बंद

आयुष्य अभिलेखागारात गेलं. लोक विचारायचे, तुम्ही नक्की करता काय, आणि मी सांगायचे, जुने कागद कुजू नयेत म्हणून पगार घेते. निवृत्त झाल्यावर मला कुणी समितीवर बोलावेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पण एका मोठ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. खात्याचं नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहिणार नाही, कारण तशी लेखी हमी माझ्याकडून घेतली आहे, आणि ही हमी हे लिहितानाच मी अर्धी मोडते आहे.

ग्वाल्हेरात या खात्याची एक जुनी इमारत आहे. तिथे 'गुप्त' आणि 'गोपनीय' शिक्क्यांच्या फायलींनी खोल्या भरून गेल्या आहेत. त्यातलं काय आता लोकांना वाचू द्यावं, आणि पुढे मुळात शिक्का मारतानाच कोणते नियम असावेत, हे सुचवायला ही समिती होती. दिल्लीहून आलेले एक निवृत्त बडे अधिकारी अध्यक्ष, खात्यातला एक नोकरीतला अधिकारी, आणि कागदांची जाणकार म्हणून मी.

पत्र दोन पाकिटांत घालून आलं होतं. बाहेरचं साधं, आतल्यावर लाल शिक्का, गोपनीय. फोडून पाहते तर काय, बैठक कुठल्या वारी आहे आणि चहा-नाश्त्याची सोय केली आहे. म्हटलं, घ्या! गुप्तता कमी करायला निघालेल्यांनी पहिली गुप्तता समोशांची पाळली.

हसू आलं खरं, पण मी हो म्हटलं ते काही समोशांसाठी नव्हे, आणि देशसेवेसाठी तर अजिबात नव्हे. मी हो म्हटलं दादासाठी.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं घराणं शिंदेशाहीतल्या शिपायांचं, पण तलवार कधीच गेली होती, आणि दादा त्याच खात्याच्या भांडारात भांडारपाल होता. तीसेक वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी भांडाराला आग लागली. त्यात दादा गेला आणि त्याच्याबरोबर काम करणारा त्याचा मित्रही गेला. दोघं किला गेटजवळच्या एकाच गल्लीत राहायचे, एकाच स्कूटरवर कामाला जायचे. त्या दिवशी स्कूटर तेवढी परत आली, ती कुणीतरी ढकलत आणली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की भांडारपालाने थंडीसाठी आत हीटर लावून ठेवला होता, त्यानेच आग लागली. सांगणाऱ्याचं नाव नव्हतं. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटतं. अख्ख्या शहराला पटलं. चौकशी झाली, अहवाल तयार झाला, आणि त्यावर 'गुप्त' असा शिक्का बसला. आम्ही अर्ज केले. पुढे माहितीचा कायदा आला तेव्हा पुन्हा केले. दर वेळी एका ओळीत बोळवण झाली. म्हणजे अफवा चहाच्या टपरीवर मोकळी आणि खरं काय ते कुलपात.

दादाच्या मित्राची बायको समोरच्याच घरात राहते. आमच्यासारखी मराठी नव्हे, इकडचीच. तिला मी भाभी म्हणायचे. आगीच्या आधी वहिनी आणि ती यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे. तिच्याकडची कढी आमच्या घरी, आमच्याकडची पुरणपोळी तिच्या घरी. तेराव्याला तिने सगळ्यांसमोर वहिनीचा हात झटकला आणि म्हणाली, "तुम्हारे आदमी के हीटर ने मेरा घर फूँक दिया." त्यानंतर ती वहिनीशी एक शब्द बोललेली नाही. गल्ली अशी अरुंद की एकीच्या कुकरची शिट्टी दुसरीच्या घरात ऐकू येते.

वहिनी दर संक्रांतीला तिळाच्या वड्या करते, बरोबर थोडी तीळगुळाची कुरकुरीत गजक ठेवते, कारण इकडे गजकेवाचून संक्रांत होत नाही, आणि डबा समोर पोचवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा आमच्या पायरीवर असतो, न उघडलेला. मी किती वेळा चिडून म्हटलं, "वहिनी, पुरे आता. कशाला अपमान करून घेता?" तर म्हणायची, "अगं, ती परत करते, ठीक आहे. पण हातात तर घेते ना?"

वहिनीला बाकी काही नको होतं. पेन्शन येते, मुलगी इंदूरला सुखात आहे. तिचं एकच म्हणणं. "मला तिच्या हातात एक कागज़ ठेवायचा आहे. सरकारी. त्यावर साफ लिहिलेलं पाहिजे की यांची गलती नव्हती. मग ती बोलो नाहीतर न बोलो." समितीचं पत्र दाखवलं तेव्हा तिने ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. डोळे आता साथ देत नाहीत, अक्षरं दिसत नाहीत, पण लाल शिक्का दिसला असावा. "आता आणशील तू," एवढंच म्हणाली.

पहिल्याच बैठकीत मी अध्यक्षांना सांगून टाकलं की यात माझ्या भावाची फाईल असू शकते. ते म्हणाले, "अच्छा किया बता दिया. उस फाइल पर आप राय मत दीजिएगा. पढ़ने में कोई हर्ज नहीं." माणूस सज्जन होता. मला त्याचाच जास्त त्रास झाला. दुष्ट असता तर भांडून मोकळी झाले असते.

आम्ही नमुन्यादाखल फायली वाचायला लागलो. आयुष्यभर कागद हाताळले, पण असली करमणूक कधी झाली नव्हती. कचेरीच्या पडद्यांचा रंग कोणता असावा यावरचा पत्रव्यवहार गोपनीय होता. माकडांच्या उपद्रवाची फाईल गुप्त होती, माकडांपासून गुप्त की आमच्यापासून, कोण जाणे. पेपरातली कात्रणं चिकटवून त्यांवर शिक्के मारलेले होते, म्हणजे ज्या बातम्या सगळ्या शहराने चहाबरोबर वाचल्या त्या सरकारने लपवून ठेवल्या होत्या. मी नोकरीतल्या अधिकाऱ्याला विचारलं, हे असं का? त्याने शांतपणे सांगितलं, "मैडम, ठप्पा लगाने पर आज तक किसी से जवाब नहीं माँगा गया. न लगाने पर माँगा जा सकता है."

मग एका दुपारी दादाची फाईल समोर आली. शिपायाने इतर फायलींसारखीच ती टेबलावर टाकली. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आधी राग आला, कारण पहिल्याच पानावर ते हीटरचं कात्रण होतं, आणि त्यावर 'गुप्त' असा शिक्का होता.

आत चौकशीचा अहवाल होता. भांडारात हीटर नव्हताच. आग जुन्या वायरींनी लागली होती. त्या वायरी बदला म्हणून दादाने वरच्यांना पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, आणि त्याची ती पत्रंही मागे जोडलेली होती. त्याचं तिरकं, घाईचं अक्षर. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, "कृपया इसे अति आवश्यक समझें." दादा घरी कुणापुढे आवाज चढवायचा नाही, आणि कागदावरही त्याने तो चढवला नव्हता. कुणीही काही केलं नव्हतं.

त्यापुढे एका चौकीदाराचा जबाब होता. आग लागल्यावर दादाचा मित्र बाहेर पडला होता. सुखरूप. खोकत कडुनिंबाखाली बसला होता. त्याने विचारलं, भांडारपाल कुठे आहेत? कुणीतरी म्हणालं, सगळे बाहेर आलेत. तो म्हणाला, नाही, ते आतच आहेत. आणि ओलं पोतं डोक्यावर घेऊन परत आत शिरला. दोघं मागच्या दाराशी सापडले, एकमेकांजवळ.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो वाचला होता. माझ्या भावासाठी परत गेला.

आता हे सगळं इतकी वर्षं लपवण्यासारखं त्यात काय होतं? मला वाटलं कुणा बड्याला वाचवलं असेल. तसंही नव्हतं, किंवा नुसतं तसं नव्हतं. फाईलच्या शेवटी भांडाराचा नकाशा शिवलेला होता. नकाशा गुप्त, म्हणून ज्या फाईलमध्ये तो शिवला ती फाईल गुप्त, म्हणून तिच्यातलं पान न् पान गुप्त. ती इमारत केव्हाच पाडली आहे. तिथे आता गाड्या लावतात आणि पलीकडे बॅडमिंटन खेळतात. पण नकाशा अजून गुप्तच आहे, आणि त्याच्याबरोबर दादाही.

मी म्हटलं, नकाशा काढून घ्या आणि बाकीचं उघडं करा. मला मत द्यायची मनाई होती, तरी म्हटलं. अधिकारी म्हणाला, "फाइल एक ही मानी जाती है, मैडम. टुकड़ों में नहीं खुलती." आणि मग, मला समजावल्यासारखं, "वैसे भी इतने साल बाद किसी को पता चलकर किसका भला होगा?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भला होगा या बुरा, यह तय करने का ठेका आपको किसने दिया? जिसका आदमी गया है वो तय करेगा." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी मला वाटलं मी जिंकले.

अध्यक्षांनी माझं म्हणणं अहवालात घ्यायचं कबूल केलं. शिक्का मारणाऱ्याने कारण लिहावं आणि तो कधी उठणार तेही लिहावं. ती वेळ आली की फाईल आपोआप उघडी व्हावी, बंद ठेवायची असेल तर कुणीतरी नावानिशी तसं म्हणावं. आणि एका नकाशापायी अख्खी फाईल अडकू नये, तेवढा भाग झाकून बाकीचा मोकळा करावा. मी हे सगळं घासूनपुसून लिहिलं. घरी जाताना वाट वाकडी करून दाल बाज़ारात गेले आणि संक्रांतीला अवकाश होता तरी तीळ घेतले, चांगले पांढरेशुभ्र. दुकानदार म्हणाला, "बहनजी, अभी से?" मी म्हटलं, हो, आतापासूनच.

अहवाल पुरा झाला. प्रत्येक सूचनेला आधार म्हणून आम्ही नमुन्याच्या फायलींतली पानं मागे जोडली होती. दादाची दोन पानं त्यात होती, ती घ्यायचं अध्यक्षांनीच ठरवलं होतं. आणि मग तो जुना नियम निघाला, जो अध्यक्ष आणि अधिकारी या दोघांना श्वासासारखा ठाऊक होता आणि मलाही ठाऊक असायला हवा होता. जोडलेला कागद गुप्त असेल तर वरचा कागदही गुप्त. गुप्तता कमी कशी करावी यावरचा आमचा अहवाल गुप्त झाला.

मी म्हटलं, जोडपत्रं काढा. अधिकारी म्हणाला, आतल्या मजकुरात त्यांचे उल्लेख आहेत. मी म्हटलं, उल्लेख काढा. तो म्हणाला, मग सूचना निराधार होतील. मी अध्यक्षांकडे बघितलं. ते खरोखर खजील झाले होते. म्हणाले, "नियम तो अभी पुराना ही है न. नया तो इसी रिपोर्ट से आएगा." आणि अहवाल पुढे कधी उघडायचा तर कोण उघडणार? ज्याने शिक्का मारला त्यानेच, म्हणजे आमच्या समितीने. आणि समिती अहवाल देताच बरखास्त झाली. शेवटच्या दिवशी समोसे होते. मी पेन्सिलीने काढलेली टिपणंसुद्धा त्यांनी मोजून परत घेतली, आणि एका हमीपत्रावर माझी सही घेतली की इथे वाचलेलं कुठेही बोलणार नाही.

सही केली आणि सरळ किला गेटला गेले. ई-रिक्षात रडले, मोठ्याने. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला. हमी गेली चुलीत, असं मी मनाशी ठरवलं होतं.

वहिनी उन्हात बसून मटार सोलत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी वाचलं. दादाची चूक नव्हती. हीटर नव्हताच. वायरी बदला म्हणून तो लिहून लिहून थकला होता."

तिचे हात थांबले नाहीत. पुढची शेंग सोलत म्हणाली, "मग? मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे तू मला काय सांगते आहेस?" आणि मग, "कागज़ आणलास?"

"नाही. देत नाहीत."

"झेरॉक्स पण नाही?"

"नाही."

"मग तर तू पण तेच सांगते आहेस जे सगळे सांगतात," ती म्हणाली. रागाने नाही. "सगळे मला हेच सांगायचे, वहिनी, त्यांची गलती नव्हती. तोंडावर सगळे गोडच बोलतात ना."

तेव्हा मला पुरतं कळलं की माझ्याकडे जे आहे त्याची किंमत शून्य आहे. खरं आणि सांत्वन यांत फरक करणारा एक कागदच होता, आणि तो कुलपात होता.

जबाबाचं मी वहिनीला सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. मित्र परत आत गेला, दादासाठी गेला, हे कळलं असतं तर ती तशीच उठून समोर जाऊन पाया पडली असती. मग समोरचीला कळलं असतं.

संक्रांतीला वहिनी म्हणाली, "या वेळी डबा तूच ने. तू तर समितीवर होतीस, बड्या लोकांत बसलीस. तुझं ऐकेल कदाचित."

मी गेले. इतक्या वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भाभी खूप वाळली आहे. तिने मला आत बोलावलं, खुर्ची दिली, डबा स्टुलावर ठेवला. मी सरळ सांगितलं की सरकारी चौकशीचे कागद मी माझ्या डोळ्यांनी वाचले आहेत, आणि दादाने हीटर लावला नव्हता.

तिने विचारलं, "लिखा है?"

"हाँ, भाभी. लिखा है."

"दिखा सकती हैं?"

"नहीं."

ती जराशी हसली. "बहनजी, आप उनकी सगी बहन हैं. आप और क्या कहेंगी." आवाजात विखार नव्हता. विखार असता तर बरं वाटलं असतं.

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागून तिने विचारलं, "और इनके बारे में? इनके बारे में क्या लिखा है?"

मी वळले. ती स्टुलाला धरून उभी होती. सगळा जीव डोळ्यांत आणून उभी होती. तीस वर्षं तिला वाटत आलं आहे की तिच्या नवऱ्याला बाहेर पडताच आलं नाही. तो बाहेर पडला होता. कडुनिंबाखाली बसला होता, मोकळ्या हवेत. तिथेच बसून राहिला असता तर आज या खोलीत असता. तो किती मोठ्या मनाचा होता हे तिला कळायला हवं, तो तिचाच हक्क आहे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, हीटरने मारला यापेक्षा माझ्या भावासाठी मेला हे तिला कसं सोसेल, आणि ती वहिनीकडे मग कुठल्या डोळ्यांनी बघेल. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले. तिचा तेराव्याचा आवाज माझ्या कानांत अजून आहे.

इतक्या वर्षांनी कळून कुणाचं भलं होणार आहे?

हे माझ्या मनात आलं. शब्दन् शब्द त्या अधिकाऱ्याचा.

"कुछ खास नहीं, भाभी," मी म्हटलं. "बस नाम लिखा है."

"बस नाम," ती म्हणाली आणि खाली बसली.

गल्ली ओलांडून आले तर वहिनी उंबऱ्यातच होती. "काय म्हणाली? काही विचारलं तिने?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही विचारलं."

सकाळी डबा पायरीवर होता.

भाभीला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर मी हे मराठीत लिहायला धजले. छापून आलं की वहिनी वाचून दाखव म्हणेल, आणि मला दाखवावं लागेल. चौकीदाराचा जबाब जिथे जिथे येईल तिथे पान उलटीन आणि पुढचं वाचीन. तिला काही कळणार नाही, कारण तिला आता अक्षर दिसत नाही.